कबिनीच्या तळावर

केशरी लाइफ जॅकेटच्या पट्ट्यात आत्याचा पदर अडकलाय. नावेवरचा पोरगा पट्टा ओढतोय, आत्या पदर ओढतेय, आणि वीस माणसांची नाव या दोघांपायी धक्क्याला खोळंबली आहे.

"ह्यां घातल्यार मी बुडूचंय नाय मां?" आत्या मला विचारते.

"नाही गं बुडत."

"आणि मगरीन ओढल्यान तर?"

पोरग्याला मराठी येत नाही, पण 'मगर' तेवढं कळतं. तो समोरच्या काठाकडं बोट दाखवतो. चिखलावर एक ओंडका पडलाय. नीट पाहिलं तर ओंडक्याचा जबडा उघडा आहे. ऊन अंगात जास्त झालं की मगर असा आ वासून पडते, यात भुकेचा काही संबंध नाही, हे मी सांगायच्या आत आत्यानं पदर सोडून दिलाय.

मे महिन्याचा दुसरा आठवडा, दुपारचे साडेतीन. म्हैसूरपासून ऐंशी किलोमीटरवरचं कारापूर. पाण्याच्या कडेला एकेकाळी महाराजांचं शिकारगृह होतं, ते आता राज्य सरकारचं लॉज आहे. समोर कबिनी. तिच्या उत्तरेला नागरहोळे, दक्षिणेला बंडीपूर. खरं तर आत्या घरून निघाली ती चामुंडीच्या आणि नंजनगूडच्या श्रीकंठेश्वराच्या दर्शनाला. मधले दोन दिवस जंगलात काढायचेत, हे मी तिला म्हैसूरला पोचल्यावर सांगितलं. परवा नंजनगूडला ज्या कपिलेचं पाणी तिनं डोळ्यांना लावलं ती हीच नदी, एवढं ऐकल्यावर ती थोडी निवळली. तरी गाडीत बसताना म्हणालीच, "हत्ती बघूक पैशे? आमच्या दारात फुकट येयत."

आत्याचं घर माणगाव खोऱ्यात, कुडाळ तालुक्यात. 2002च्या सुमाराला कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले आणि पुढं सरकत सरकत तिच्या परड्यापर्यंत आले. त्यामुळं या नावेत हत्ती न बघितलेली अशी अठरा माणसं, हत्ती कॅमेऱ्यातून बघितलेली मी, आणि हत्तीनं मागची पडवी पाडलेली आत्या, अशी वर्गवारी आहे.

नाव निघते. उन्हाळ्यानं पाणी पार खाली गेलंय. दोन्ही काठांना आधी तांबूस चिखलाचा पट्टा, मग कोवळ्या गवताचा रुंद हिरवा पट्टा, आणि त्याच्याही मागं वाळकं, पानं गाळलेलं, राखेच्या रंगाचं जंगल. मे महिन्यात हिरवं काय ते इथंच. पाण्यातून जागोजागी झाडांची काळी खोडं वर आलीयत. 1974 साली बीचनहळ्ळीचं धरण पुरं झालं तेव्हा हे सगळं रान आणि रानातली गावं पाण्याखाली गेली. झाडं मेली, पण पडली नाहीत. आता प्रत्येक खोड कुणी ना कुणी धरून ठेवलंय. एकावर पाणकावळा पंख वाळत घालून बसलाय, दुसऱ्यावर तिरंदाज सापासारखी मान वळवतोय, सगळ्यात उंच खोडावर ब्राह्मणी घार. नदी सुरयांची एक जोडी नावेच्या डोक्यावरून किरकिरत जाते. त्यांची अंडी जवळच कुठंतरी उघड्या खडकावर असणार, आणि आम्ही तिथून लवकर टळावं एवढीच त्यांची अपेक्षा दिसते.

माझ्यापुढं पुण्याचं एक जोडपं आहे. नवऱ्याच्या मांडीवर तान्ह्या पोराएवढी लेन्स. त्याला काळा बिबट्या हवाय. सकाळच्या जीपमध्ये हवा होता, आता नावेत हवाय. कबिनीला येणाऱ्या निम्म्या माणसांना तोच हवा असतो. एका काळ्या बिबट्यानं या जंगलाचं नाव जगभर नेलं आणि बाकीच्या जनावरांचा भाव पाडला. काठावर चितळांचा शेदीडशेचा कळप चरतोय, त्याच्याकडं लेन्स वळतही नाही. कांडेसर करकोचा पांढरी लोकरी मान ताठ करून कीर्तनकारासारखा उभा आहे, त्यालाही प्रेक्षक नाही.

एका वळणावर गाइड हात वर करतो, इंजिन बंद होतं. कुणालाच काही दिसत नाही. दिसतं ते घाणेरीचं रान.

"आसत," आत्या हळूच म्हणते.

"कुठं?"

"आवाज आयक."

मी कान देते. पाण्याची चुळुक, पोरग्याच्या वल्ह्याचा आवाज, आणि त्याच्या पलीकडं चर्र... फट. थोडं थांबून पुन्हा चर्र... फट. कुणी ओलं कापड फाडून दगडावर आपटावं तसं. आत्याला हा आवाज झोपेतही ओळखता येतो. रात्री दोन वाजता परड्यात हा आवाज आला की सगळ्या वाडीनं पत्र्याचे डबे घ्यायचे, असा तेरा वर्षांचा सराव आहे.

नाव वाहत वाहत वळण पार करते आणि गवताच्या पट्ट्यावर हत्ती दिसतात. आधी पाच, मग मागच्या झाडीतून अजून सात. सगळ्या माद्या आणि पोरं. आमच्यापासून पन्नास-साठ फुटांवर एक थोराड मादी एकटी चरतेय. कानांच्या कडा फाटलेल्या, सोंडेवर नि कपाळावर गुलाबी ठिपके. गवत एवढं आखूड आहे की सोंडेत धरता येत नाही. म्हणून ती पुढच्या पायाच्या नखांनी जमिनीला ठोकर मारते, एकदा, दोनदा, मुळांसकट जुडी सैल होते. सोंड ती गोळा करते. पण तोंडात नाही घालत. आधी जुडी गुडघ्यावर आपटते. फट. माती झडते. पुन्हा आपटते. मग जुडी उलटी करून बघितल्यासारखं करते आणि तोंडात सारते. तोपर्यंत पायानं पुढची जुडी सैल केलेली असते. दिवसाला दीडशे किलोपर्यंत चारा लागतो या देहाला, आणि तो असा मुठीमुठीनं, माती झाडून.

"केळीचा पण तसाच," आत्या सांगते. आवाज नेहमीसारखा खणखणीत नाही. "पानां खायत नाय. पायाखाली धरून सोपटा काढतत, मगे आतलो गाभो खातत. माडाचो तर फक्त कोंब. येदो पंधरा वर्षांचो माड, कोंबासाठी आडवो घातल्यान."

गाइड काय चाललंय ते विचारतो. मी हिंदीत सांगते. तो टोपी मागं सारून पहिल्यांदाच आत्याकडं नीट बघतो. इतका वेळ त्याची पाठ केलेली माहिती चालली होती. आता तो पाठांतर सोडून बोलायला लागतो. त्याचं गाव हेग्गडदेवनकोटे तालुक्यातलं, जंगलाला लागून. शेतात नाचणी आणि कापूस. रेल्वेच्या जुन्या रुळांचं कुंपण घातलंय काही भागात, त्याच्या शेतापर्यंत अजून पोचलेलं नाही.

मग तो पलीकडच्या काठाकडं हात करतो. तिकडं काकनकोटेचं रान. "तिथं खेड्डा व्हायचा."

"खयच्या खेड्यात?" आत्या.

मला हसू येतं. खेडं नव्हे, खेडा. रानटी हत्तींचा अख्खा कळप एकदम धरायची पद्धत. सँडरसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1870च्या दशकात म्हैसूर संस्थानात ती बसवली. पुढं काकनकोटेत तिचा सोहळाच झाला. शेकडो हाकेकरी ढोल, मशाली, फटाके घेऊन दिवसचे दिवस कळपाच्या मागं चालायचे. कळप रेटत रेटत नदीवर आणायचा, नदीत घालायचा, पलीकडं ओंडक्यांच्या कोटात शिरला की वरून दरवाजा सोडायचा. मग पाळीव हत्ती आत जाऊन एकेकाच्या पायात दोर टाकत. व्हाइसरॉयपासूनची बडी मंडळी हे पाहायला येत, त्यांच्यासाठी काठावर बसायची खास सोय असे. शेवटचा खेडा 1971 साली झाला. त्यानंतर तीन वर्षांत धरण पुरं झालं आणि नदीच रुंद झाली.

मी हे तुकड्यातुकड्यानं आत्याला सांगते. ती बराच वेळ काही बोलत नाही.

"म्हणजे ढोल नि फटाके आमचेच," ती शेवटी म्हणते. "ते आत घेयत, आमी भायर घालवू."

पुण्याचा गृहस्थ मागं वळून "काकू, जरा हळू" असं म्हणतो. हत्तीणीनं मान वर केलीय.

आत्याला काकू म्हटलेलं आवडत नाही. पण ती गप्प बसते, कारण तिचं लक्ष नावेवरच्या पोरग्याकडं आहे. गाइडनं आत्ताच सांगितलंय, की हा जेनु कुरुबा. जेनु म्हणजे मध. रानातला मध काढणारी ही माणसं हत्तीच्या पाठीवरही तेवढीच पक्की. याचा आजा हत्तीछावणीत कावाडी होता, म्हणजे माहुताच्या हाताखालचा. वस्ती मात्र आता रानाबाहेर, रस्त्याकडेला. पोरगा वल्हं मांडीवर आडवं ठेवून ऐकतोय आणि एका शब्दाला त्याचा चेहरा फुलतो. अर्जुन.

दसऱ्याचा अर्जुन. 1968 साली याच काकनकोटेच्या रानात खेड्यात धरलेला. 2012 ते 2019, आठ वर्षं साडेसातशे किलोची सोन्याची अंबारी घेऊन तो म्हैसूरच्या रस्त्यांवरून चालला. इथून जवळच्या बळ्ळे छावणीत त्याचा मुक्काम असे. डिसेंबर 2023 मध्ये हासन जिल्ह्यात एका रानटी हत्तीला पकडायच्या मोहिमेवर त्याला नेलं आणि त्या झुंजीत तो मेला. पोरगा दोन्ही हात कानांजवळ नेऊन अर्जुनाचे दात केवढे होते ते दाखवतो. मग हात खाली घेतो आणि वल्हं उचलतो.

"आमच्याकडचे तीन पण असेच धरल्यानी," आत्या म्हणते. 2015च्या फेब्रुवारीत माणगाव खोऱ्यातले हत्ती पकडायला कर्नाटकातून शिकवलेले हत्ती आले होते. ट्रकमधून उतरताना त्यांना बघायला आख्खा गाव लोटला होता. "शिकवलेलो पुढे, रानातलो मधी, शिकवलेलो मागे. व्हराडासारखे. मी बघूक गेलंय नाय."

मी तेव्हा पुण्यात टीव्हीवर ते बघितलं होतं आणि तिला फोन करून 'सुटलात बाई' म्हटलं होतं. ती काय म्हणाली होती ते आठवत नाही.

झाडीत चितळाचा इशारा होतो. टॉव! सगळी नाव एका अंगाला झुकते, गाइड दोन्ही हातांनी माणसं मागं दाबतो. दुसरा इशारा. माकडं खाकरतात. वाघ असेल, बिबट्या असेल, आणि काळा असला तर? दहा मिनिटं कुणी श्वास घेत नाही. मग चितळं पुन्हा माना खाली घालतात. संपलं.

रात्रीच्या जेवणात नाचणीचं 'मुद्दे' आहे. आत्या त्या तांबूस गोळ्याकडं संशयानं बघते, बोटानं दाबते. न चावता गिळायचा असतो, असं वाढपी खुणेनं सांगतो. "न चावता? म्हणजे औषध," असं म्हणून ती भाताकडं वळते. जेवणानंतर मी तिला शोधते तर ती भांडी घासणाऱ्या बाईशेजारी पायरीवर बसलीय. बाईला कन्नडशिवाय काही येत नाही, आत्याला मालवणीशिवाय. तरी गप्पा चालल्यायत. बाई हाताची सोंड करते, मग जमिनीवर बोटांनी ओळी ओढते, ओळी पुसते. पीक गेलं. आत्या मान हलवते, दोन्ही हात उंच नेते आणि आडवे करते. माड गेला. बाई किती, असं विचारते. आत्या दोन्ही पंजे दाखवते, मुठी मिटते, पुन्हा एक पंजा दाखवते. बाई गालाला हात लावते.

"आने," बाई म्हणते.

"आने?"

बाई पुन्हा सोंड करून दाखवते. आने म्हणजे हत्ती. आत्या दोन-तीनदा तो शब्द घोळवते. तिच्या लेखी आणे रुपयात सोळा असतात.

मध्यरात्री मला जाग येते तर ती खिडकीशी उभी. लांबून, पाण्याच्या बाजूनं, एक बारीक तुतारी. दार लावलंय का ते मी बघून येते. ती बघून आलेलीच आहे, दोनदा.

सकाळी साडेसहाची नाव. पाण्यावर पातळ धुकं, उजेड अजून पिवळा झालेला नाही. पुण्याचं जोडपं आज जीपला गेलंय, त्यामुळं नावेत लेन्स कमी आणि जागा जास्त. आत्यानं लाइफ जॅकेट स्वतःच चढवलंय, पदर आधी खोचून. काल मधे बसली होती, आज काठाला.

कळप आज पाण्यावर आहे. चिखलाच्या घसरणीवरून एकामागोमाग उतरतोय. कालची फाटक्या कानांची म्हातारी पुढं. तिचं वय गाइड साठीचं सांगतो. म्हणजे ढोल आणि मशालींच्या काळात ही आईच्या पोटाखालून चालत असणार. तेव्हा नदी अरुंद होती, आणि आत्ता ती ज्या जागेवर उभी आहे तिथं रान होतं. धरणानं तिचं रान गिळलं आणि दर उन्हाळ्याला पाणी हटलं की त्याच तळावर गवत दिलं. हे गवत फार तर जुलैपर्यंत. वायनाडात पाऊस लागला की राज्यातल्या धरणांत बहुधा कबिनीच पहिली भरते. मग हा हिरवा पट्टा पाण्याखाली आणि हा मेळा पांगलेला.

नाव थांबते. पाण्यात सोंडा बुडतात, वर येतात, तोंडात पिचकारी. पोटातून गडगड ऐकू येते, छातीच्या पिंजऱ्यात जाणवेल एवढी खालच्या पट्टीतली. याहूनही खालच्या पट्टीत ते बोलतात, ती आपल्या कानांना ऐकूच येत नाही. आत्या मात्र मान तिरकी करून बसलीय.

सगळ्यात मागून एक मादी उतरते आणि मधेच थांबते. तिच्या चार पायांच्या मधे अजून चार पाय आहेत. केसाळ, सुरकुतलेलं, फार तर महिन्याभराचं पिल्लू. ते आईच्या मागून पाऊल टाकतं आणि घसरतं. पुढचे पाय चिखलात, मागचे वर. उठतं, पुन्हा बसतं. आई नुसती उभी. पुढून म्हातारी मागं वळते, चिखल तुडवत चढून येते आणि पुढचा पाय पिल्लाच्या पुठ्ठ्याखाली घालते. सोंड छातीला. हळूच वर. पिल्लू उभं राहतं आणि थेट पाण्यापर्यंत घरंगळत येतं. पाण्याशी आल्यावर त्याला सोंडेचं काय करायचं ते कळत नाही. पाण्यात घालतं, हलवतं, बाहेर काढतं, काहीच येत नाही. शेवटी ते गुडघे टेकतं, सोंड बाजूला टाकतं आणि वासरासारखं तोंड लावून पाणी पितं.

नावेतल्या एका लहान मुलीला हसू फुटतं. म्हातारी कान पसरते. एकदम मोठी होते, दुप्पट. गाइडचा पंजा मागं हलतो, पोरगा आवाज न करता वल्हं मारायला लागतो. आम्ही मागं मागं सरतो. म्हातारी कान पाडत नाही. तिच्यामागं बाकीच्या माद्या खांद्याला खांदा लावून भिंत करतात आणि पिल्लू त्या भिंतीत नाहीसं होतं.

आत्याचे ओठ हलतायत. जप करतेय असं मला वाटतं. मग तिचं बोट दिसतं. मांडीवर, एकेका पेरावरून अंगठा पुढं सरकतोय. हत्ती येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी परड्यात पडलेल्या केळी ती अशीच मोजत असे. मी सुट्टीत तिच्याकडं गेलेली असताना एकदा बघितलंय, दात घासायच्या आधी.

धक्क्यावर गाइड वही काढतो. काय काय दिसलं ते रोज लिहून ठेवायचं असतं. मगरी चार. सुरय, कांडेसर, ब्राह्मणी घार. हत्तींच्या रकान्याशी तो थांबतो, मनाशी कन्नडमध्ये आकडे जुळवतो आणि आत्याला बरं वाटावं म्हणून तिच्याकडं बघून मोठ्यानं म्हणतो, "सोळा आने."

आत्या जॅकेटचा पट्टा सोडवते, पोरग्याच्या हातात देते.

"सतरा," ती म्हणते. "एक पोटाखाली हुतो. त्येका धर."